वेगळे राहताय? मुलांच्या नावावरच्या पैशाचं इन्कम टॅक्स रिटर्न भरताना या चुका टाळा

नवरा-बायको वेगळे झाले की मूल कुणाकडे राहणार, खर्च कोण करणार, यावर दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून बोलतात. इन्कम टॅक्सचा विषय मात्र रिटर्नची मुदत जवळ आल्यावरच निघतो. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आई इकडे आणि वडील नोकरीला कोल्हापूर-पुण्याला, असं बऱ्याच घरांत असतं. दोघांची राज्यं वेगळी असली तरी आयकर कायदा केंद्राचा आहे, नियम दोघांनाही एकच.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘मूल माझ्याकडे आहे, मग त्याच्या एफडीचं व्याज मीच दाखवायचं’ असं धरून चालणं. आयकर कायद्याप्रमाणे (1 एप्रिल 2026 आधीच्या उत्पन्नाला 1961 च्या कायद्याचं कलम 64(1ए)) अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलाचं उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. लग्न कायद्यानं संपलं असेल तरच, त्या वर्षी मुलाला सांभाळणाऱ्या पालकाकडे ते जातं. नुसतं वेगळं राहिल्यानं किंवा कोर्टात केस चालू असल्यानं लग्न संपत नाही. न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा, कोर्टाचा आदेश मिळाला तरीही नाही. घटस्फोटाचा हुकूमनामाच लागतो.

समजा, निपाणीच्या आजोबांनी नातवाच्या नावे 5 लाखांची एफडी ठेवली आणि 7 टक्क्यांनी वर्षाला 35,000 रुपये व्याज आलं. आई खानापुरात खासगी शाळेत शिक्षिका आहे, मूल तिच्याकडे. वडिलांचा पगार तिच्या तिप्पट. केस अजून चालू आहे. अशा वेळी हे व्याज वडिलांच्या रिटर्नमध्ये जायला हवं. आईनं प्रामाणिकपणे स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलं तरी वडिलांची जबाबदारी सुटत नाही. रिटर्न भरताना निवडायच्या दोन करपद्धतींपैकी जुन्या, वजावटींच्या पद्धतीत मात्र दर मुलामागे 1,500 रुपयांपर्यंत सूट मिळते, नव्या पद्धतीत तीही नाही. मुलानं स्वतःच्या कलेवर किंवा कष्टावर मिळवलेल्या पैशाला हा नियम लागू नाही.

इथंच बँकेची गोष्ट येते. एफडीला पालक म्हणून कुणाचं पॅन जोडलंय ते शाखेत जाऊन बघा. पॅन एकाचं आणि व्याज दाखवायचं दुसऱ्यानं, असं असेल तर बँकेला तसं लेखी निवेदन द्या, म्हणजे टीडीएस, म्हणजे बँकेनं व्याजातून आधीच कापलेला कर, योग्य नावावर जाईल. एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवर दिसणाऱ्या तुमच्या वर्षभराच्या माहितीपत्रकात, दुसऱ्याचं व्याज तुमच्याकडे दिसत असेल, तर ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे असा अभिप्राय तिथंच नोंदवता येतो. चुकीचं रिटर्न गेलं असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरा.

अमेरिकेतले नातेवाईक सांगतात तशी ‘मुलामागे टॅक्स सवलत’ आपल्याकडे नाही. आपल्याकडे मिळते ती शाळेच्या फीवर, ठरावीक गुंतवणूक-खर्चांवरच्या वजावटीत (1961 च्या कायद्यातलं कलम 80सी), तीही जुन्या पद्धतीत. एकूण मर्यादा 1.5 लाख, जास्तीत जास्त दोन मुलं. वजावट फी भरणाऱ्याची. वडिलांनी पोटगी दिली आणि त्यातून आईनं फी भरली, तर वजावट आईची. पोटगी देणाऱ्याला त्या रकमेची वजावट मिळत नाही. एकच पावती दोघांनी लावली की दोघंही अडचणीत येतात. इमारत निधी, विकास निधी, देणगी यात धरू नका. शाळेकडून ट्यूशन फीचा आकडा वेगळा लिहून घ्या.

रिटर्नची मुदत चुकली की जुनी पद्धत निवडता येत नाही आणि फीची वजावटही जाते. त्यामुळे एकमेकांशी बोलणं नसेल, तरी वकिलांमार्फत एवढं आधी ठरवून घ्या: फी कुणाच्या खात्यातून जाणार, एफडीला पॅन कुणाचं आणि व्याज कोण दाखवणार. समझोत्याच्या कागदात या तीन ओळी असल्या, तर पोराच्या पैशावरून नवा वाद उभा राहत नाही.