एचसी-टॉक्सिनवरून एचडॅक इन्हिबिटर, म्हणजे एचडॅक हे एन्झाइम अडवणारा रेणू, बनवायचाय? आधी हे जमवून ठेवा

पेप्टाइडची साखळी ज्या दाण्यांवर वाढवतात त्या रेझिनची ऑर्डर टाकायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा, या कामातलं निम्मं तिथेच ठरतं. मूळ रेणू समोर काढा. एचसी-टॉक्सिन, म्हणजे मक्याच्या पानांवर डाग पाडणाऱ्या कॉक्लिओबोलस कार्बोनम बुरशीचं विष, चारच अमिनो ॲसिडची रिंग, डी-प्रोलिन, एल-ॲलनिन, डी-ॲलनिन आणि चौथं ते एओ नावाचं लांब शेपटीवालं, ज्याच्या टोकाकडे कीटोन आणि त्याला लागून इपॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजनवाली तीन अणूंची इवली रिंग. आता गंमत बघा, ज्या मक्यात एचएम1 जीन असतो (1992 ला क्लोन झाला) तो काय करतो तर फक्त तो कीटोन रिड्यूस करतो, आणि विष गार! मग 1995 ला कळलं की हे विष हिस्टोन डीॲसिटिलेज अडवतं, म्हणजे आपला एचडॅक. हिस्टोन प्रथिनांच्या लायसिनवरचा ॲसिटिल काढणारं, झिंकवर चालणारं एन्झाइम आहे, ॲसिटिल-लायसिन समजून ते ही शेपटी आत घेतं.

तर शेपटी मोजाच. लायसिनचे चार सीएच2 आणि एक एनएच, मग कार्बोनिल. एओमध्ये पाच सीएच2 आणि मग कार्बोनिल. दोन्हीकडे पाचच, आणि ॲमिनोसुबेरिक ॲसिड घेतलंत तरी पाचच. पहिल्या बॅचमध्ये याला हात लावू नका.

झिंक धरायला काय लावणार तेही आधीच ठरवा. हायड्रॉक्सॅमिक ॲसिड ॲमिनोसुबेरिकवरून सोपं पडतं आणि जोरदार धरतं, पण ते कुठलंही झिंक धरतं. थायॉल चालतो, 2009 ला अमेरिकेच्या एफडीएने पास केलेलं कॅन्सरचं औषध रोमिडेप्सिन तेच करतं, फक्त डायसल्फाइडमध्ये लपवून नेतं. एचसी-टॉक्सिनच्याच जातीच्या एपिसिडिनमध्ये नुसता कीटोन आहे, इपॉक्साइड नाहीच, तरी तगडं आहे. इपॉक्साइड एन्झाइमला कायमचं चिकटतं असं बरीच वर्षं धरून चालले होते, पण 2017 ला एचडॅक8 (एचडॅकचाच एक प्रकार) आणि इपॉक्साइडवालाच भाऊबंद ट्रॅपॉक्सिन यांचं क्रिस्टल स्ट्रक्चर आलं त्यात कोव्हॅलंट बाँड नव्हताच, कीटोनवर पाणी बसून तो झिंकला धरून होता. त्यामुळे माझं मत विचाराल तर सुरुवातीला इपॉक्साइडच्या नादी लागूच नका, बनवायलाही कटकट आणि टिकवायलाही.

आता रिंग बंद करणं, इथे खरी परीक्षा. बारा अणूंची रिंग आहे, ताण भरपूर, सगळी एल अमिनो ॲसिड घेतलीत तर वळतच नाही, म्हणून ते डी-प्रोलिन आणि डी-ॲलनिन शोभेला नाहीत, ठेवा तिथेच. सी-टोकाला डी-प्रोलिन येईल अशी लिनिअर साखळी लिहा, म्हणजे ॲक्टिव्हेट करताना एपिमरायझेशनची, म्हणजे डीचं एल किंवा एलचं डी होण्याची, धास्ती कमी. रेझिन 2-क्लोरोट्रायटिल मागवा, पातळ टीएफएमध्ये (ट्रायफ्लुरोॲसिटिक ॲसिड) साखळी सुटते, आणि प्रोलिन असल्यावर डायपेप्टाइड निसटून जायचा जो धोका असतो तोही कमी होतो. शेपटीच्या टोकाचं कार्बोक्सिल एस्टर करून झाकलेलं हवं, नाहीतर ॲक्टिव्हेशन भलत्याच टोकाला होईल. सायक्लायझेशनला, म्हणजे रिंग बंद करायला, जोडणारं रिएजंट म्हणून पायबॉप घ्या, दुसरं नेहमीचं रिएजंट हॅटू जास्त झालं आणि रिॲक्शन रेंगाळली की मोकळ्या अमाइनलाच जाऊन बसतं. सॉल्व्हंट मात्र सढळ हाताने मागवा, एक मिलिमोलर किंवा त्याहून पातळ करायचंय, छोट्या फ्लास्कमध्ये होणारं काम नाही. जोडणी पूर्ण झाली का ते रंगावरून तपासायला क्लोरॅनिलही आणून ठेवा, प्रोलिनला निनहायड्रिनचा नेहमीचा निळा रंग येत नाही.

मास स्पेकवाल्याला आधीच सांगून ठेवा की आयसोटोप पीकमधलं अंतर दिसेल एवढं रिझोल्यूशन पाहिजे. बंद झालेली रिंग लिनिअरपेक्षा 18 डाल्टनने हलकी असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोन साखळ्या जुळून झालेला डायमर दोन चार्ज घेऊन आला की त्याच आकड्यावर दिसतो, फरक एवढाच की पीक अर्ध्या-अर्ध्या अंतरावर असतात.

बनवलेलं चूर्ण उघड्यावर तोलायचं नाही, आणि डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलंत की ग्लोव्ह्जकडे दुप्पट लक्ष, कारण डीएमएसओ त्वचेतून आत जातो, सोबत माल घेऊन.

ॲसेसाठी, म्हणजे एन्झाइम किती अडतं ते मोजायला, निदान एचडॅक1, 6 आणि 8 घ्या, तुलनेला व्होरिनोस्टॅट हा माहितीतला एचडॅक इन्हिबिटर. प्री-इन्क्युबेशनच्या (एन्झाइम आणि पेप्टाइड आधी एकत्र ठेवण्याच्या) दोन-तीन वेगवेगळ्या वेळा प्लेटवर आखून ठेवा, हे रेणू हळू बसतात. आणि एएमसी हा सुटल्यावर चमकणारा रंग जोडलेला सबस्ट्रेट वापरणार असाल तर शेवटी चमक ट्रिप्सिन पाडतं, एचडॅक नाही, म्हणून आधीच ॲसिटिल काढलेला सबस्ट्रेट, तुमचा पेप्टाइड आणि ट्रिप्सिन एवढंच असलेली एक रांग हवीच, पेप्टाइडने ट्रिप्सिनलाच अडवलं असेल तर ते त्या रांगेतच दिसेल.