स्टेशनवरच्या कामाचा पगार ठेकेदाराने अडवला तर काय करायचं

गणपतीत कोकण रेल्वेच्या गाड्या चाकरमान्यांनी भरून येतात आणि स्टेशनवर झाडू मारणाऱ्या माणसाला पाठ टेकायला वेळ मिळत नाही. आमच्या वाडीतल्या एका काकूंनी असेच रोज तीन-चार तास जादा भरले. पुढच्या महिन्यात पगार आला तो चार खाडे लावून, आणि जादा कामाचा रुपयाही नाही. मुकादम म्हणाला, "बघतो." दिवाळी गेली तरी तो बघतच होता. तेव्हा त्यांचे कागद घेऊन मी बसलो, आणि जे कळलं ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो आहे.

आधी हिशेब मांडा

"पगार कमी आला" एवढ्यावर कुणी हलत नाही. किती कमी, कुठल्या महिन्याचा, कशापोटी, हे एका कागदावर लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा, जादा कामाला किमान दुप्पट दर हवा आणि पगाराची पावती द्यायलाच हवी. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. दंड लावायचा तर आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि तोही पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच.

रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून किमान वेतनाचा दरही केंद्राचाच पाहायचा. त्यातला महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो. जुना तक्ता धरून हिशेब केलात तर तुमचेच पैसे कमी निघतील.

पुरावा जमवा

हजेरीचं रजिस्टर मुकादमाकडे असतं. म्हणून एक साधी वही करा: तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ. शेजारी गाडीचं नाव टाका. "तुतारी गेल्यावर सुटलो" असं लिहिलं की ती नोंद रेल्वेच्या स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहता येते. काकूंच्या वहीत हे आधीपासून होतं, आणि मला वाटतं त्यांचं निम्मं काम त्या वहीनेच केलं.

पीएफचं पासबुक उमंग ॲपवर उघडा. ठेकेदाराने किती पगार दाखवून पीएफ भरला ते तिथे दिसतं. ती त्याचीच लेखी कबुली समजा. काही ठिकाणी पूर्ण पगार बँकेत टाकून त्यातले हजार-दोन हजार रोख परत मागतात. ते देऊ नका. आधी दिले असतील तर ज्या दिवशी पैसे काढले त्या तारखा पासबुकात खूण करून ठेवा आणि मुकादमाचे मेसेज पुसू नका.

लेखी मागणी, आणि तिची प्रत रेल्वेला

ठेकेदाराला अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. प्रत कोकण रेल्वेच्या क्षेत्रीय कार्यालयालाही पाठवा. महाराष्ट्रातल्या स्टेशनांसाठी ते रत्नागिरीत आहे, मुख्यालय बेलापूरला. ही प्रत फार महत्त्वाची. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या आस्थापनेचं काम झालं तिच्यावर, म्हणजे इथे रेल्वेवर, जबाबदारी येते. "तुम्ही आमची माणसं नाहीत, ठेकेदाराकडे जा" हे उत्तर ऐकून बरेच जण घरी परततात. परतू नका.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. कराराची प्रत मागा, आणि त्या महिन्यांची ठेकेदाराची बिलं व जोडलेली पगारपत्रकंही. बिलात किती माणसांचे किती दिवस लावले, ते यातून कळू शकतं.

योग्य दारात जा

रत्नागिरी किंवा ओरोसचं राज्य सरकारचं कामगार कार्यालय या वादासाठी नाही. तुम्हाला केंद्रीय श्रम आयुक्तांची यंत्रणा हवी. त्यांच्या 'समाधान' पोर्टलवर तक्रार भरता येते, मुंबई गाठावी लागत नाही. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करायचा. अनेकांचा एकत्र अर्ज चालतो, संघटनाही करू शकते. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतात.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत मदत मिळते.

तक्रार केली म्हणून कामावरून काढलं तर तो वेगळा वाद होतो. तो त्याच यंत्रणेतल्या समेट अधिकाऱ्यापुढे लगेच न्या. रागाच्या भरात रुळावर मात्र बसू नका. गाडी अडवल्यास रेल्वे कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तडजोड करताना

सुनावणीचं पत्र गेलं की ठेकेदाराचा फोन येतो. तडजोड जरूर करा, पण अधिकाऱ्यासमोर: रक्कम, तारीख आणि बँक खाते क्रमांक लिहून. कोऱ्या कागदावर सही नको. "काही देणे बाकी नाही" या ओळीखाली तर पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करूच नका. काकूंपुढेही तो कागद आला होता. त्यांनी पेन बाजूला ठेवलं, आधी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं आणि मग सही केली.