काकांचा मेल उघडण्याआधी

आयसीयूच्या दारात नर्स एक प्लास्टिकची पिशवी हातात देते. चष्मा, घड्याळ, कवळी, अंगठी आणि फोन. अंगठी घरातलं कुणीतरी लगेच जपून ठेवतं, फोन पिशवीतच राहतो आणि पहाटेपर्यंत बंद पडतो. काकांच्या वेळी आमच्याकडे हेच झालं. घरचा माणूस बेशुद्ध असताना त्याचा मेल उघडायची वेळ आली तर काय करायचं, याची मी त्यानंतर यादी केली, आणि तीत मेलच्या आधी चार्जर येतो. फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला की बोटाचा ठसा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो, आणि तो ज्यांना ठाऊक ते आत व्हेंटिलेटरवर. चालू फोन चालू ठेवा, सिम काढू नका, रिचार्ज कधी संपतो ते बघा. मेलचा ओटीपी याच नंबरवर येणार आहे. सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढेमागे तो भलत्याच माणसाला मिळतो. सिम कुणाच्या नावावर आहे तेही विचारून ठेवा. पुष्कळ घरांत वडिलांचं सिम मुलाच्या आधारवर घेतलेलं असतं. एरवी हा ढिसाळपणाच, पण फोन हरवला किंवा सिम बिघडलं तर डुप्लिकेट सिमसाठी हाच मुलगा दुकानात जाऊन उभा राहू शकतो.

मग अंदाजांचा कार्यक्रम सुरू होतो. काकू म्हणाली, "अरे, वाढदिवस टाकून बघ. नाहीतर स्कूटरचा नंबर." टाकू नका. चुकत गेलात की फोन पुढच्या प्रयत्नासाठी जास्त जास्त वेळ थांबायला लावतो, आणि आयफोनमध्ये दहा चुकांनंतर सगळं पुसून टाकायची सोय चालू केलेली असेल तर विषयच संपला. त्यापेक्षा घरातला जुना लॅपटॉप शोधा. आमचा गाद्यांच्या कपाटात होता. अशा लॅपटॉपवर मेल बहुधा उघडाच असतो. नसला, तरी पासवर्ड परत मिळवण्याचा प्रयत्न त्यांच्या नेहमीच्या यंत्रावरून आणि घरच्या वायफायवरून केलेला बरा, कारण खातं नक्की त्याच माणसाचं आहे का हे ठरवताना गूगल ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा बघतं.

बेशुद्ध माणसाचं बोट हळूच फोनला लावायचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. माझ्याही आला होता. त्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावलेला होता आणि तो काढायचा धीर झाला नाही, एवढंच. आता वाटतं, बरं झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपला हेतू चांगलाच असतो, पण उद्या भावकीत फाटलं तर तो दाखवायचा कसा? म्हणून जे काही कराल ते बायको, मुलं, भाऊ यांपैकी दोघांना समोर बसवून करा आणि कधी काय उघडलं ते वहीत लिहा.

या वहीच्या पहिल्या पानावर मात्र एकच प्रश्न लिहायचा: मेल हवा कशाला? आमच्याकडे सात गोष्टी निघाल्या आणि त्यातल्या पाच मेल न उघडता सुटल्या. मेडिक्लेमचा पॉलिसी नंबर पाकिटातल्या कार्डावर होता. कार्ड नसतं तर पासबुकातल्या हप्त्याच्या नोंदीवरून कंपनी कळली असती, एजंटला फोन करता आला असता. हे काम मात्र पहिल्याच दिवशी उरका, तातडीने भरती झाल्यास बहुतेक पॉलिसींत २४ तासांत कळवायचं असतं. बँकेला तर मेल लागतच नाही. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घ्यावा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. काउंटरवरच्या पोराला तो माहीत नसतो. मॅनेजरकडे जा. वीजबिल ग्राहक क्रमांकावर भरता येतं. एलआयसीचा हप्ता शाखेत जाऊन.

रुग्ण शुद्धीवर असेल, बोलता येत नसलं तरी समजत असेल, तर ती संधी दवडू नका. पक्षाघातात वाचा जाते आणि समज शाबूत राहते, असं पुष्कळदा होतं. डॉक्टरांसमोर हो-नाहीचे प्रश्न विचारा, मान हलली की वेळेसकट वहीत लिहा. जीमेलमध्ये आपला मेल दुसऱ्याच्या खात्यातून बघू देण्याची रीतसर सोय आहे. ती फोनच्या अॅपमध्ये शोधू नका, संगणकावर सेटिंगमध्ये खात्यांच्या पानावर सापडेल. अशी परवानगी मिळालेल्याला मेल वाचता येतो, उत्तर देता येतं, पण पासवर्ड बदलता येत नाही. मला हे फार आवडलं. किल्ली मालकाकडेच राहते.

शुद्धच नसेल तर वकील मुखत्यारपत्राचं, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचं नाव काढेल. थांबवा त्याला. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की लिहून देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तो कागद रद्दी. कोमातल्या माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे धड कायदा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. इतक्या लांब जायची वेळ आलीच, तर अर्जात बँक आणि घराबरोबर ईमेल आणि मोबाइल नंबर यांचाही स्पष्ट उल्लेख करायला सांगा.

मेल उघडला, तर काही पथ्यं. पासवर्ड बदलू नका, बाकीच्या यंत्रांवरचं लॉगिन त्याने तुटू शकतं. काही पुसू नका. वरपासून खाली वाचत सुटू नका. विमा कंपनीचं नाव किंवा 'प्रीमियम' इंग्रजीत टाकून शोधा आणि तेवढंच उघडा. स्टेटमेंटच्या फाइलचा पासवर्ड जन्मतारीख, पॅन असं काहीतरी असतं, त्याच मेलमध्ये खाली लिहिलेलं सापडेल. उत्तर द्यायचं तर स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या नावाने.

आता धडधाकट आहात त्यांच्यासाठी. खातं वापरात राहिलं नाही तर त्याचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायची गूगलची सोय म्हणजे इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर. त्यात विश्वासातली दहापर्यंत माणसं नेमता येतात. नेमाच, पण ते कमीत कमी तीन महिने खातं निपचित पडल्यावर जागं होतं. हॉस्पिटलचं बिल तोवर थांबत नाही. अॅपलमध्ये आपल्यामागे खातं बघायला माणूस नेमता येतो, त्याला लेगसी कॉन्टॅक्ट म्हणतात. पण त्याच्याकडे मृत्यूचा दाखला मागतात, जिवंत माणसासाठी ती सोय कामाची नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कलम १४ मध्ये मृत्यूबरोबर असमर्थतेसाठीही आपल्या माहितीवरचे हक्क वापरायला माणूस नेमण्याचा हक्क आहे, पण आयसीयूच्या दारात त्याच्यावर विसंबू नका. खरं उपयोगी पडतं ते कागदाचं पाकीट. फोनचा पिन, मेलचा पत्ता, ओटीपी मिळत नसेल तेव्हा त्याच्याऐवजी टाकायला गूगल देतं ते आठ आकडी दहा बॅकअप कोड आणि "मला भान नसेल तेव्हा अमक्याने माझा मेल बघावा" अशी सहीची एक ओळ. कोर्टात त्या ओळीला किती वजन मिळेल तो भाग वेगळा, घरातली भांडणं तिने थांबतात. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडा. आमचं पाकीट गोदरेजच्या कपाटात एफडीच्या पावत्यांखाली आहे. फोन किंवा नंबर बदलला की आतला कागद बदलायचा, म्हणून काकूने त्यावर तारीख पेन्सिलने घातली आहे.