शाळेपुढच्या वेगमर्यादेवर वस्तीत चर्चा कशी घडवावी

शाळेपुढे वाहनांचा वेग किती असावा, या प्रश्नावर वस्तीत बैठक बोलावली की "पोरांच्या जिवापेक्षा तुमची घाई मोठी आहे का?" आणि "मग आम्ही ड्युटीवर वेळेत पोहोचायचंच नाही का?" या दोन वाक्यांत ती बहुधा संपते. ते टाळायचे असेल, तर विषय आधीच आखून घ्यावा. उदाहरणार्थ, नागपुरातला संपूर्ण मानेवाडा-बेसा रस्ता चर्चेला घेऊ नये. शाळेच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंचे दीडशे-दीडशे मीटर आणि शाळा भरण्या-सुटण्याची वेळ, एवढेच घ्यावे.

बैठकीच्या आठवडाभर आधी मोजणी करावी. रस्त्याकडेला फक्कीने 50 मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि फुटपाथवर उभे राहून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गाड्यांचा वेळ टिपावा. हे अंतर 6 सेकंदांत कापणारी गाडी ताशी 30 किलोमीटरने, तर 3.6 सेकंदांत कापणारी 50 किलोमीटरने धावत असते. वेगाने जाणाऱ्यांत मुलांना सोडायला आलेल्या पालकांचे स्कूटरही सापडतील. तो आकडा लपवू नये, कारण त्यामुळेच चालकांचा तुमच्या मोजणीवर विश्वास बसतो.

चालकांची गैरसोयही आकड्यांतच मांडावी. तीनशे मीटरला ताशी 50 ने सुमारे 22 सेकंद लागतात आणि 30 ने 36. म्हणजे प्रश्न चौदा सेकंदांचा आहे. आता दुसरी बाजू. उभ्या ऑटोमागून मूल अचानक पुढे आले आणि चालकाला ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर 30 च्या वेगातली गाडी साधारण 13 ते 14 मीटरमध्ये थांबते, तर 50 च्या वेगातली तेवढ्या अंतरावर जेमतेम ब्रेक लावू लागलेली असते. फाटकासमोर 14 मीटर पावलांनी मोजून दाखवावेत; भाषणापेक्षा ते लवकर पटते.

चालकांची एक तक्रार मात्र मनापासून मान्य करावी, ती म्हणजे वाटेल तसे उभारलेल्या गतिरोधकांची. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार साधारण वाहतुकीसाठीचा गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो ताशी 25 किलोमीटरने ओलांडता येतो. कंबर मोडणारा अरुंद उंचवटा मागू नये, आणि कोणी घातला तर त्याची बाजूही घेऊ नये.

कायद्याची माहिती असलेला एक माणूस बैठकीत हवाच. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीत मोटारींची कमाल मर्यादा ताशी 70 किलोमीटर आहे. त्याहून कमी मर्यादा मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 112 खाली राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण घालू शकते. त्यामुळे वर्गणी काढून स्वतःच "30" चा फलक लावणे व्यर्थ आहे. वेगमर्यादेचा अर्ज पोलिसांच्या वाहतूक शाखेकडे द्यावा. गतिरोधकासाठी मात्र रस्ता महापालिकेचा, नागपूर सुधार प्रन्यासचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे आधी झोन कार्यालयात विचारून घ्यावे, नाहीतर अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो.

एकमत झाले नाही, तर ताशी 30 च्या मर्यादेचा तीन महिन्यांचा प्रयोग सुचवावा. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच द्यावा आणि दिवाळीपूर्वी त्याच दोन खुणांवर पुन्हा मोजणी करून वस्तीला परत बोलवावे.