बॅकडोर रॉथ आणि फॉर्म ८६०६: टॅक्स सॉफ्टवेअरमध्ये या चुका टाळा

अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरायचे दिवस, मार्च संपत आला की माझ्याकडे हमखास एक फोन येतो, माणूस दरवर्षी वेगळा पण बोलणं तेच. "अरे, ट्रॅडिशनल आयआरएमध्ये ७,००० टाकले, दोन दिवसांनी रॉथला नेले, टॅक्स भरलेल्या पैशातलेच होते सगळे. आणि आता १०९९-आर टाकल्याबरोबर रिफंड १,६८० नी खाली आला. परत टॅक्स कशाचा?" (१०९९-आर म्हणजे आयआरएतून पैसे निघाल्याचा ब्रोकरेजचा, म्हणजे खातं असलेल्या कंपनीचा, कागद.) २४ टक्के ब्रॅकेटवाल्याला ७,००० वर बरोबर १,६८० लागतात, म्हणजे सॉफ्टवेअरचं गणित चुकलेलं नाहीये, त्याला अर्धीच गोष्ट सांगितली गेलीये.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन. आयआरए म्हणजे निवृत्तीसाठीचं स्वतःचं बचत खातं. ट्रॅडिशनलमध्ये टाकताना टॅक्सची सूट मिळू शकते आणि काढताना टॅक्स लागतो, रॉथमध्ये टॅक्स भरलेले पैसे टाकायचे आणि निवृत्तीनंतर काढताना टॅक्स नाही. २०२५ साठी नवरा-बायकोचं जॉइंट रिटर्न असेल आणि उत्पन्न २,४६,००० डॉलरच्या वर गेलं तर रॉथ आयआरएमध्ये थेट पैसे टाकता येत नाहीत (२,३६,००० पासूनच मर्यादा कमी व्हायला लागते). ऑफिसात ४०१के (कंपनीतून चालणारी निवृत्ती बचत योजना) असेल तर १,४६,००० च्या वर ट्रॅडिशनल आयआरएचं डिडक्शनही (उत्पन्नातून वजावट) मिळत नाही. पण डिडक्शन न घेता ट्रॅडिशनलमध्ये पैसे टाकायला उत्पन्नाची अट नाही, आणि तिथून रॉथमध्ये कन्व्हर्ट करायलाही, म्हणजे हलवायलाही, नाही. आयटीत दोघंही नोकरी करणारी आपली बरीच मंडळी याच खिडकीतून आत जातात, यालाच बॅकडोर रॉथ म्हणतात. २०२५ ची मर्यादा ७,०००, पन्नाशी गाठली असेल तर ८,०००. हे पैसे आधीच टॅक्स भरलेले आहेत याचा हिशोब म्हणजे फॉर्म ८६०६, आणि तो ठेवायची जबाबदारी तुमची, ब्रोकरेजची नाही.

"डिडक्शन मिळणारच नाही, मग त्या सेक्शनमध्ये कशाला जाऊ?"

माझ्या मते निम्म्याहून जास्त घोळ या एका विचारातून होतो, आणि विचार तसा चुकीचा वाटतही नाही. बघा, तुम्ही दोन गोष्टी केल्यात, पैसे टाकले आणि पैसे हलवले. सॉफ्टवेअर, मग ते टर्बोटॅक्स असो, एच अँड आर ब्लॉक असो की फ्रीटॅक्सयूएसए, या दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी विचारतं. हलवलेले पैसे उत्पन्नाच्या भागात, १०९९-आर मध्ये. टाकलेले पैसे डिडक्शनच्या भागात, आयआरए कॉन्ट्रिब्यूशनखाली. आता ज्याला माहितीये की आपल्याला डिडक्शन नाही तो त्या भागाकडे बघतच नाही, आणि मग ८६०६ ची लाइन १ रिकामी राहते, बेसिस, म्हणजे टॅक्स भरून टाकलेली रक्कम, शून्य, आणि सगळे ७,००० टॅक्सेबल. तिथे जाऊन ट्रॅडिशनल आयआरए, ७,००० एवढं भरा, सॉफ्टवेअर म्हणेल की तुमचं उत्पन्न जास्त आहे म्हणून डिडक्शन नाही, तिथे कंटिन्यू करा, आणि रिफंड परत वर चढतो. वरच्या कोपऱ्यातला तो रिफंडचा आकडा मधल्या टप्प्यावर बघून घाबरायचं नाही एवढंच.

१०९९-आर मध्ये आणखी एक चूक करतात लोक. बॉक्स १ मध्ये ७,००० आणि बॉक्स २ए मध्येही ७,००० छापून येतात, "टॅक्सेबल अमाउंट" म्हणून, ते बघून माणूस चिडतो आणि २ए मध्ये शून्य टाकून मोकळा होतो. असं करू नका. शेजारीच बॉक्स २बी वर खूण असते, तिचा अर्थ ब्रोकरेज म्हणतंय की टॅक्सेबल किती ते आम्ही ठरवलेलं नाही. ते ठरतं ८६०६ वर. आयआरएसकडे (अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे) याच कागदाची कॉपी गेलेली असते, त्यामुळे जसं आहे तसंच उतरवा. बॉक्स ७ शेजारची आयआरए/सेप/सिंपलची खूणही (सेप आणि सिंपल हे आयआरएचेच प्रकार) विसरू नका, ती राहिली की सॉफ्टवेअर ही रक्कम पेन्शन समजून १०४० वर, म्हणजे मुख्य रिटर्न फॉर्मवर, ४ए-४बी ऐवजी ५ए-५बी मध्ये नेऊन टाकतं आणि मग ८६०६ शोधत बसा. बॉक्स ७ मधला कोड साडेएकोणसाठ वर्षांच्या आतल्यांना २ येतो, त्यापुढच्यांना ७. पुढे पैशाचं काय केलं विचारतात तिथे "रॉथमध्ये कन्व्हर्ट केले" हेच निवडायचं, रोलओव्हर (एका निवृत्ती खात्यातून तशाच दुसऱ्यात नेणं) नाही. रोलओव्हर म्हटलं तर टॅक्स शून्य दिसतो, छान वाटतं, पण ८६०६ चा दुसरा भाग कोराच राहतो.

माझे चारसोबीस

आता स्वतःचं सांगतो. पहिल्या वर्षी मी दोन्ही सेक्शन नीट भरले, आणि कॉन्ट्रिब्यूशनच्या भागात एक प्रश्न आला, साधारण असा की हे पैसे नंतर तुम्ही ट्रॅडिशनलमधून रॉथकडे बदलून घेतले का? मी म्हटलं हो, घेतले की, तेच तर केलंय! पुढच्या स्क्रीनवर दंड आला. किती? ४२० डॉलर. अक्षरशः चारसोबीस, मला आधी वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय.

भानगड अशी की तो प्रश्न कन्व्हर्जनचा नसतोच, रीकॅरॅक्टरायझेशनचा असतो. म्हणजे "मी पैसे ट्रॅडिशनलमध्ये टाकले खरे, पण ते पहिल्या दिवसापासून रॉथमध्येच टाकले होते असं समजा" अशी ब्रोकरेजकडे केलेली विनंती. हो म्हटलं की सॉफ्टवेअर ते सरळ रॉथ कॉन्ट्रिब्यूशन धरतं, उत्पन्न मर्यादेच्या वर, म्हणून जास्तीच्या कॉन्ट्रिब्यूशनवर ६ टक्के, ७,००० चे ४२०. बॅकडोरवाल्यांनी इथे "नाही" म्हणायचं. कुठेही बरोबर ४२० चा आकडा किंवा फॉर्म ५३२९ (याच दंडाचा फॉर्म) अचानक उगवला तर आधी हा प्रश्न उघडून बघा.

याच्या उलटी पण एक फसगत आहे. डिडक्शन मिळायला नको असताना सॉफ्टवेअर देऊन टाकतं! डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीकडून येणारा पगाराचा दाखला, त्याच्या बॉक्स १३ मध्ये "रिटायरमेंट प्लॅन" म्हणून छोटीशी खूण असते, हाताने भरताना ती सुटते, मग सॉफ्टवेअरला वाटतं या बाईला ऑफिसात प्लॅनच नाही, आणि दोघांचीही सुटली असेल तर उत्पन्न कितीही असो पूर्ण डिडक्शन. शेड्यूल १ (१०४० ची पुरवणी) च्या लाइन २० वर, म्हणजे आयआरए डिडक्शनच्या ओळीवर, आकडा दिसला तर खूश व्हायच्या आधी दोघांचे डब्ल्यू-२ परत बघा. खरंच डिडक्शनला पात्र असाल पण ते नको असेल तर तसं सांगायची वेगळी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते.

कोणत्या वर्षाचं कुठे

२०२५ साठीचे पैसे १५ एप्रिल २०२६ पर्यंत टाकता येतात. समजा तुम्ही फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२५ चे म्हणून ७,००० टाकले आणि त्याच आठवड्यात कन्व्हर्ट केले. कॉन्ट्रिब्यूशनला मागचं वर्ष निवडता येतं, कन्व्हर्जनला नाही, ते ज्या वर्षी झालं त्याच वर्षाचं. म्हणजे २०२५ च्या रिटर्नमध्ये फक्त कॉन्ट्रिब्यूशन, ८६०६ ची लाइन १४ (पुढच्या वर्षात न्यायचा बेसिस) दाखवणार ७,०००, आणि १०९९-आर येणार जानेवारी २०२७ मध्ये. होतं काय, की लोक म्हणतात अजून काही कागदच आला नाही, पुढच्या वर्षी एकदम सांगू. पुढच्या वर्षी १०९९-आर येतो, बेसिस कुठेच नाही, आणि परत मला फोन.

पुढच्या वर्षी तेच ७,००० लाइन २ वर जायला हवेत, "मागच्या वर्षांचा बेसिस" म्हणून. तेच सॉफ्टवेअर वापरत असाल तर बहुतेक आपोआप येतात, सॉफ्टवेअर बदललं की मात्र भरवसा ठेवू नका, जुनी पीडीएफ उघडा, लाइन १४ वाचा, हाताने टाका. आणि याच्या बरोब्बर उलट, ज्यांचं सगळं एकाच वर्षात आटोपलं ते यंदाचेच ७,००० त्या बेसिसच्या प्रश्नालाही परत देतात. मग बेसिस होतो १४,०००, टॅक्स शून्य दिसतो म्हणून लक्षात येत नाही, पण लाइन १४ वर ७,००० लटकत राहतात जे मुळात अस्तित्वातच नाहीत. ज्याचा हा पहिलाच बॅकडोर आहे त्याचा मागचा बेसिस शून्य.

नवरा-बायको दोघांनी केलं असेल तर ८६०६ दोन. आयआरए जॉइंट नसतो. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या, स्वतःचं उत्पन्न नसलेल्या बायकोच्या नावानेही जॉइंट रिटर्नवर नवऱ्याच्या पगारातून टाकता येतात, पण तिचा फॉर्म तिचाच. सॉफ्टवेअरमध्ये १०९९-आर कोणाचा ते निवडताना घाईत दोन्ही एकाच्या नावावर जातात, मग एकाचे १४,००० आणि दुसऱ्याचे शून्य.

जे सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही

एका मित्राने जुनी नोकरी सोडली तेव्हा ४०१के चे पैसे आयआरएमध्ये रोलओव्हर केलेले, ६३,००० होते, दुसऱ्याच ब्रोकरेजकडे, आणि बॅकडोरचं खातं वेगळं काढलेलं. ३१ डिसेंबरची शिल्लक विचारली तर त्याने शून्य टाकली, कारण त्याच्या डोक्यात फक्त ते नवीन खातं. पण लाइन ६ वर तुमचे सगळे ट्रॅडिशनल, सेप आणि सिंपल आयआरए एकत्र येतात, ब्रोकरेज कोणतंही असो. मग हिशोब असा: ६३,००० अधिक कन्व्हर्ट केलेले ७,००० मिळून ७०,०००, त्यात टॅक्स भरलेले ७,०००, म्हणजे १० टक्के. कन्व्हर्ट केलेल्या ७,००० पैकी ७०० टॅक्स-फ्री, ६,३०० टॅक्सेबल. ताकात पाणी घातल्यावर नुसतं पाणी वेगळं काढून पिता येत नाही, तसंच. उरलेला ६,३०० चा बेसिस वाया जात नाही, लाइन १४ वर पुढे जातो, पण यंदा टॅक्स भरावा लागतो.

यावर उपाय म्हणजे टॅक्स न भरलेले पैसे आत्ताच्या कंपनीच्या ४०१के मध्ये परत नेणं, प्लॅन घेत असेल तर, कारण ४०१के या हिशोबात धरत नाहीत. पण ते कन्व्हर्जनच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या आत. एप्रिलमध्ये जाग येऊन उपयोग नाही, आणि कन्व्हर्जन रद्द करायची सोय तर २०१८ पासून बंदच झालीये. मार्चमध्ये कन्व्हर्ट करून ऑक्टोबरमध्ये जुना ४०१के आयआरएमध्ये आणणारेही यात सापडतात, तारखेचा क्रम बघत नाहीत, वर्षअखेरची शिल्लक बघतात. जोडीदाराचा आयआरए मात्र तुमच्या हिशोबात येत नाही.

मागच्या एखाद्या वर्षाचा ८६०६ भरलाच नसेल तर त्या त्या वर्षाचा फॉर्म घ्या, रिटर्नमध्ये दुसरं काही बदलत नसेल तर नुसता फॉर्म सही करून पाठवता येतो. दंड ५० डॉलर, योग्य कारण असेल तर माफ होतो. त्या वर्षी कन्व्हर्जनवर टॅक्स भरून बसला असाल तर १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न), साधारणपणे मूळ रिटर्नपासून तीन वर्षांच्या आत. हे टाळू नका, लाइन १४ ची साखळी मध्येच तुटली की नंतर जोडताना फार जुने कागद उपसावे लागतात. मे महिन्यात ५४९८ (आयआरएमध्ये किती पैसे टाकले याचा ब्रोकरेजचा कागद) येतो, तो सॉफ्टवेअरमध्ये भरायचा नसतो, ८६०६ शेजारी ठेवून द्यायचा.

न्यू जर्सीवाल्यांसाठी, म्हणजे एडिसनकर मंडळींनो, वेगळं. तुमचं राज्य ट्रॅडिशनल आयआरएचं डिडक्शन कधीच देत नाही, त्यामुळे कोणे एके काळी फेडरलला डिडक्शन घेतलेलं असेल तर राज्याचा बेसिस फेडरलपेक्षा जास्त असतो. राज्याच्या भागात आधी टॅक्स भरलेली रक्कम विचारतात तिथे नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत पुढे जाऊ नका.

पाठवायच्या आधी पीडीएफ उघडा. सगळं एकाच वर्षात झालेल्या साध्या बॅकडोरला १०४० च्या ४ए वर ७,०००, ४बी वर शून्य, ८६०६ च्या लाइन १ वर ७,०००, १४ आणि १८ (कन्व्हर्जनचा टॅक्सेबल भाग) वर शून्य, शेड्यूल १ ची लाइन २० कोरी. लाइन ६ ते १२ रिकाम्या आणि १३ शेजारी चांदणी दिसली तर घाबरू नका, सॉफ्टवेअरने हिशोब वेगळ्या वर्कशीटवर केलेला असतो.

यंदाच्या फोनवाल्याला हे सगळं सांगितलं, रात्री साडेअकराला त्याचा मेसेज, "झालं रे, १,६८० परत आले, पण ४बी वर ३ डॉलर दाखवतंय, ते कशाचे?" पैसे दोन दिवस मनी मार्केटमध्ये पडून होते, कन्व्हर्ट करेपर्यंत ७,००३ झालेले. त्या तीन डॉलरवर टॅक्स बरोबर आहे, भर.