जिमसाठी चेस्ट प्रेस मशीन घेताय? आधी त्यावर बसून बघा

सोमवारी संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये डोकवा, छातीच्या मशीनपाशी रांग असते. इतकं रगडलं जाणारं मशीन, पण बरेच मालक ते व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि कोटेशन पाहून ठरवतात. मीही पहिलं तसंच घेतलं. दिसायला झकास, पण सीट पार वर घेतली तरी पाच फुटांच्या बाईच्या गळ्यापाशी हँडल यायचं. वर्षभर सीटवर जादा उशी ठेवून निभावलं.

१. आधी मेंबर कोण आहेत ते बघा. नवशिके, महिला, चाळिशीपुढचे जास्त असतील तर पिनवालं मशीन घ्या. पिन हलवली की वजन बदललं. जड वजन मारणारी जुनी मंडळी असतील तर प्लेट लोडेड, म्हणजे दांड्यावर हाताने प्लेटा चढवायचं मशीन, चालेल. त्यात केबल-पुलीची कटकट नाही, पण प्लेटा वेगळ्या घ्याव्या लागतात आणि त्या परत जागेवर कोण ठेवणार यावरून रोज वाद. एकच मशीन परवडत असेल तर पिनवालंच घ्या.

२. शोरूममध्ये एक बुटकी आणि एक उंच व्यक्ती सोबत न्या. खरी परीक्षा इथेच होते. बसल्यावर हँडल छातीच्या मध्यावर यायला हवं. त्याहून वर आलं की कोपर उचलले जातात आणि भार खांद्यावर जातो. बुटक्या माणसासाठी सीट वर घेतली की त्याचे पाय लोंबकळतात, म्हणून पाय टेकायला पट्टी आहे का बघा. शिवाय हँडल पुढे आणायला पायाचं पेडल हवंच. ते नसेल तर हात मागे ताणून पहिला रेप (एकदा ढकलून परत आणणं) काढावा लागतो, आणि दुखरा खांदा नेमका तिथेच कुरकुरतो. सीट बसल्या बसल्या एका हाताने हलते का, हेही करून बघा. उठून खटपट करावी लागली तर कुणी सीट बदलतच नाही.

३. जड नव्हे, सगळ्यात हलकं वजन तपासा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा घेऊन जा. पिन पहिल्या प्लेटवर ठेवा, काटा हँडलला अडकवा आणि हळू पुढे ओढा. आकडा किती येतो? स्टॅकवर, म्हणजे पिनवाल्या मशीनच्या प्लेटांच्या थप्पीवर, २० लिहिलेलं असतं, पण पुली २:१ असेल तर हाताला साधारण १० च जाणवतात. प्लेट लोडेडमध्ये उलटं होतं, एकही प्लेट न लावता नुसत्या दांड्याचं वजन नवख्याला जड जाऊ शकतं. प्लेटा ५ किलोच्या असतील तर मधे अडीच किलोची भर घालायची सोय मागा. ५ वरून एकदम १० म्हणजे दुप्पट!

४. दांडा हलवून बघा. पुढे ढकलताना दोन्ही हात किंचित जवळ येणारी चाल छातीला जास्त मानवते. मग वजन न लावता दांडा धरून आडवा हलवा. खडखडला तर सांध्यात ढिलाई आहे. तिथे नुसतं बुश (साधी नळी) आहे की बेअरिंग, ते विचारा. बेअरिंगवालं घ्या.

५. सांगाडा तपासा. पाइपची जाडी ३ मिमीच्या आसपास असावी. वेल्डिंगवरून बोट फिरवा, केबलच्या टोकांशी प्लास्टिक तडकलंय का पाहा. रत्नागिरी-मालवणसारख्या खाऱ्या हवेत गाइड रॉडच्या (ज्यावरून प्लेटा वर-खाली सरकतात त्या दांड्यांच्या) क्रोमकडे दुप्पट लक्ष द्या. त्याला ग्रीस लावू नका, धूळ चिकटते; सिलिकॉन स्प्रे मारा. ‘कमर्शियल’ या शब्दावर विसंबू नका. आयएसओ २०९५७ या व्यायामाच्या मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकात व्यावसायिक वापराचा वर्ग ‘एस’ आणि घरगुती वापराचा ‘एच’ आहे. आपलं कुठल्या वर्गातलं, ते लेखी मागा.

६. जागा मोजा. मशीनच्या मापात चढ-उतरायची जागा धरलेली नसते. पिनवालं मशीन २०० किलोच्या पुढे सहज जातं, त्यामुळे वरच्या मजल्यावर जिम असेल तर इंजिनिअरला विचारा. जिन्याचं वळण टेपने मोजा.

७. बिलाचं बोला. वॉरंटी सांगाड्याला वेगळी, केबलला वेगळी आणि गादीला वेगळी असते, तिन्ही लिहून घ्या. सुटी केबल किती दिवसांत येते आणि ती बसवायला माणूस कुठून येतो, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा. थोडे पैसे मागे ठेवा. मशीन जागेवर बसलं, पिन शेवटच्या प्लेटपर्यंत चालवून पाहिली, की मगच उरलेले द्या.