स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांत येणारा थकवा कसा हाताळावा

स्तनाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या बायका उलटीबद्दल डॉक्टरांना सांगतात, तोंड आल्याचं सांगतात, केस गळायला लागले की विचारतात. थकव्याबद्दल मात्र बऱ्याचजणी बोलत नाहीत. केमो चालू आहे म्हटल्यावर एवढं होणारच, असं त्यांनी धरलेलं असतं. खरं तर उपचारांतला हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे आणि त्यावर करता येण्यासारखं बरंच आहे.

हा रोजच्यासारखा दमणूक नावाचा प्रकार नव्हे. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जडच असतं. आंघोळ करून बाहेर आलं की पलंगावर बसावं लागतं. मेथीची जुडी निवडता निवडता हात थांबतो, पेपरातली बातमी दोनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. हा आळस नाही, मनाचा कमकुवतपणाही नाही. ते उपचारांचं आणि आजाराचं लक्षण आहे, आणि इतर लक्षणांसारखंच त्याच्याकडे बघायला हवं.

आधी एक वही करा

दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी आणि रात्री, थकव्याला शून्य ते दहा असा आकडा द्या. शून्य म्हणजे थकवा अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढा वाईट. शेजारी दोन शब्द लिहा: काय केलं, झोप कशी लागली. लिहायचं त्राण नसेल तर घरच्यांनी विचारून लिहावं.

दोन-तीन आठवड्यांत त्यातून एक नक्षी दिसू लागते. दर २१ दिवसांनी केमो असेल तर साधारणपणे पहिले काही दिवस जड जातात, मग हळूहळू अंगात ताकद येते आणि पुढच्या सायकलच्या, म्हणजे पुढच्या केमोच्या, आधीचे दिवस त्यातल्या त्यात बरे असतात. सायकली वाढत जातात तसा थकवा साठत जाऊ शकतो. रेडिएशनचं, म्हणजे शेक घेण्याचं, गणित वेगळं आहे: सुरुवातीला काहीच वाटत नाही, शेवटच्या आठवड्यांत थकवा वाढतो आणि शेक संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. हे आधी माहीत असलं की "बाकी सगळं ठीक असताना आताच काय झालं?" अशी धास्ती बसत नाही. भाचीचा साखरपुडा, बँकेचं काम, दातांच्या डॉक्टरांकडे जाणं, हे बऱ्या दिवसांत टाकता येतं.

डॉक्टरांना आकडा सांगा

"थोडं थकल्यासारखं वाटतं" असं म्हटलं तर गर्दीच्या ओपीडीत ते सहज मागे पडतं. "गेला आठवडाभर सात आहे, दुपारनंतर उठवत नाही" असं म्हणा. चार किंवा त्याहून वरचा आकडा टिकून असेल तर कारण शोधायला हवं, आणि सात म्हणजे तर लगेच. हिमोग्लोबिन उतरलेलं असू शकतं. थायरॉईड, साखर, बी-१२ यांत काही बिघडलेलं असू शकतं. दुखण्यामुळे झोप लागत नसेल, मन खचलेलं असेल, तरी थकवा वाढतो. केमोच्या काही औषधांचा आणि स्तनाच्या काही कॅन्सरांत दिल्या जाणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून जिना चढताना धाप लागत असेल किंवा पाय सुजत असतील तर ते थकव्याच्या खात्यात टाकू नका, वेगळं सांगा. लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नका, कारण हिमोग्लोबिन कमी होण्याचं प्रत्येक कारण लोहाचं नसतं.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला, छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी हॉस्पिटलला फोन करा आणि निघा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

घरातली कामं नव्यानं वाटा

माझ्या मते सगळ्यांत अवघड पायरी हीच आहे. आपल्याकडे बाई आजारी पडली तरी घराची यादी तिच्याच डोक्यात राहते. नवरा मनापासून म्हणतो, "अगं, तू पडून राहा, काही लागलं तर सांग." पण प्रत्येक गोष्ट सांगायची म्हटली तर ते सांगणंही तिच्याच ताकदीतून जातं. म्हणून एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहावं. गॅसचा नंबर लावणं, मुलीची वह्या-पुस्तकं, सासूबाईंची बीपीची गोळी, दूधवाल्याचा हिशोब, सगळं त्यात यावं. नाव लिहिलेल्या माणसानं ते आठवण न करता करावं.

पोळीवाल्या बाई पुण्यात बहुतेक भागांत मिळतात. परवडत असेल तर उपचार सुरू होण्याआधीच ठरवून टाका. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा आणि बसूनच फोडणी घाला. आंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची घ्या. रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर आणा. आणि ज्या कामात तुमचा जीव आहे, ते एक तरी स्वतःकडे ठेवा. कुणाला देवपूजा, कुणाला कुंड्यांना पाणी घालणं. सगळंच काढून घेतलं की बाई आणखी खचते.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं? माणसं प्रेमानं येतात, पण चहा, गप्पा आणि तेच तेच सांगणं यांत तासभर जातो. घरातल्या एकानं सगळ्यांना फोनवर सांगावं, "वहिनी दुपारी झोपतात, पाचनंतर या, आणि येताना डबा आणलात तर फार बरं होईल." लोकांना मदत करायची असते, काय करावं ते कळत नसतं. गौरी-गणपतीत मात्र आधीच ठरवा: यंदा नैवेद्य बाहेरून आणायचा की आरास साधी ठेवायची. दोन्ही केलं तरी चालेल. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या दिवसांत मंडपांच्या आणि तुळशीबागेच्या गर्दीत जाणं टाळा.

रोज थोडं चाला

ऐकायला उलटं वाटेल, पण या थकव्यावर सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. सतत पडून राहिलं तर स्नायू उतरतात आणि मग तेवढंच काम जास्त दमवतं. "पूर्ण आराम कर" आणि "मन घट्ट कर, सगळं पूर्वीसारखं कर" हे दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिले जातात, आणि दोन्ही चुकीचे आहेत.

आधी डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार कमी असतील, चक्कर येत असेल, हाडांत आजार असेल तर ते वेगळं सांगतील. परवानगी मिळाली की पाच-दहा मिनिटांपासून सुरू करा. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन फेऱ्या पुरे. मग दर काही दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग योग्य. आठवड्यातून तीनदा अर्धा तास इथवर हळूहळू पोहोचायचं, केमोनंतरच्या जड दिवसांत पुन्हा पाच मिनिटांवर यायचं. तो पराभव नव्हे.

जागा सपाट निवडा, जिथे मध्ये बसायला बाक आहे. सारसबाग किंवा कमला नेहरू पार्क ठीक. पर्वतीच्या पायऱ्या आणि तळजाईचा चढ नंतरसाठी ठेवा. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत परत या, पावसाळ्यात घरातल्या घरात चाला. मोबाईल जवळ ठेवा आणि शक्य तर कुणालातरी सोबत घ्या. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातानं वजन उचलायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारून, कमी वजनापासून. हात सुजला किंवा जड वाटला तर लगेच दाखवा.

योगाचाही उपयोग होतो. उपचार संपूनही थकवा न गेलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत केलेला एक छोटा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२ आठवड्यांच्या अय्यंगार योगानंतर त्यांचा थकवा लक्षणीय कमी झाला. ही पद्धत बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यातच वाढवली, त्यांची संस्था १९७५ पासून शिवाजीनगरला आहे. लोड, खुर्ची, पट्टे यांचा आधार घेऊन आसनं करायची असल्यानं अशक्त माणसालाही ती झेपू शकतात. मात्र व्हिडिओ बघून करू नका. शिक्षकांना आजार, शस्त्रक्रिया, पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) असेल तर तेही सांगा.

झोप आणि खाणं

दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत. केमोच्या वेळी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं जात असेल तर त्यानं रात्री डोळा लागत नाही. ती गोळी सकाळी घेता येईल का, हे विचारा. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यांमुळे रात्री घाम फुटत असेल तर सुती कपडे, पंखा आणि उशाशी पाणी ठेवा, आणि तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

एका वेळी ताटभर जात नसेल तर दर दोन-तीन तासांनी थोडं खा: मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं, पिठलं, पनीर, मऊ वरणभात. प्रथिनं पोटात जायला हवीत. गव्हांकुराचा रस, गुळवेल वगैरे कुणी आणून दिलं तरी आधी विचारा. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या केसेस भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत.

उपचार संपल्यावर

शेवटची केमो झाली, पेढे वाटले, की घरच्यांना वाटतं आता सगळं पूर्ववत. थकवा मात्र काही महिने राहू शकतो, काहीजणींना वर्षभर किंवा त्याहून जास्त. म्हणून कामांची यादी लगेच फाडू नका, दर महिन्याला एक-दोन कामं परत घ्या. हार्मोनच्या गोळ्या पाच ते दहा वर्षं चालतात. त्यांनी थकवा किंवा सांधेदुखी वाढली तर गोळी परस्पर बंद करू नका, बदलता येते का ते विचारा.

नोकरीवर परतताना एचआरशी आधी बोला: सुरुवातीला अर्धा दिवस किंवा घरून काम, आणि हिंजवडीसारख्या ठिकाणी जायचं असेल तर गर्दीची वेळ टाळून जाण्याची मुभा. डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येतं, आणि सांभाळणारी व्यक्ती थकली असेल तर तिनंही तिथे फोन करावा.